क्रेसिल व्हायोलेटच्या स्लाइडवर न्यूरॉन आणि ग्लिया ओळखायच्या कशा? (बोकडाचा मेंदू)

स्लाइडवाली

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी बोकडाच्या मेंदूचे काप केलेत. मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मानेजवळचा मज्जारज्जू. डोकं मटणाच्या दुकानातलं. मेंदू अख्खाच १०% फॉर्मॅलिनमध्ये तीन दिवस, मग पॅराफिन ब्लॉक, ६ मायक्रॉनचे काप, ०.१% क्रेसिल व्हायोलेट रंगात १० मिनिटं, ९५% अल्कोहोलमध्ये एक बुडी, झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायला).

अडचणी अशा आहेत:

- सगळी स्लाइडच जांभळी दिसते, पेशी उठून दिसत नाहीत.
- लहान मेंदूत बारीक गडद ठिपक्यांचा खच पडलाय. या सगळ्या ग्लिया (न्यूरॉनच्या आधारपेशी) का? असतील तर "ग्लिया न्यूरॉनच्या दहापट" हे पुस्तकातलं वाक्य जुळतं.
- मोठ्या मेंदूत कित्येक केंद्रकांभोवती पांढरं रिकामं कडं दिसतं.
- काही न्यूरॉन काळपट आणि आक्रसलेले, त्यांची शेपटी नागमोडी. हे मेलेले न्यूरॉन का?
- अक्षतंतू (न्यूरॉनचे लांब धागे) कुठेच दिसत नाहीत.

जर्नलमध्ये न्यूरॉन आणि ग्लियांचं गुणोत्तर मोजून लिहायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

मायक्रोटोम

आधी रंगाचं बघू, तो सुधारला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

पहिली गोष्ट, बाटलीवरचं नाव नीट वाचा. क्रेसिल व्हायोलेट ॲसिटेट हवं. ग्रॅम स्टेनचं क्रिस्टल व्हायोलेट शेजारच्याच कप्प्यात असतं आणि घाईत तेच उचललं जातं.

द्रावण: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ०.१ ग्रॅम रंग आणि ०.३ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. रात्रभर ठेवून वापरायच्या आधी गाळा. पीएच ३.५ ते ४ च्या दरम्यान हवा. हे आम्ल कशासाठी, तर क्रेसिल व्हायोलेट हा धनभारित रंग आहे आणि तो ऋणभाराला चिकटतो. इतक्या आम्लधर्मी द्रावणात प्रोटीनवरचे ऋणभार बहुतेक झाकले जातात, डीएनए आणि आरएनएवरचे फॉस्फेट मात्र भारित राहतात. आम्ल घालायचं राहिलं की प्रोटीनही रंग पकडतं आणि सगळी स्लाइड जांभळी होते.

दुसरं कारण तुमची "एक बुडी". या रंगात आधी जास्त रंगवायचं आणि मग जास्तीचा रंग काढायचा असतो. ९५% अल्कोहोलच्या १०० मिलीमध्ये ग्लेशियल ॲसेटिकचे चार-पाच थेंब टाका. स्लाइड त्यात ३० सेकंद धरा, ओलीच मायक्रोस्कोपखाली बघा, परत बुडवा. कुणाची अर्ध्या मिनिटात होते, कुणाला पाच मिनिटं लागतात, म्हणून घड्याळापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. पांढरा भाग (तंतूंचा) जवळजवळ रंगहीन झाला आणि मोठ्या न्यूरॉनच्या आतले दाणे सुटे दिसायला लागले की थांबायचं. मग १००% अल्कोहोल दोनदा, झायलीन दोनदा, डीपीएक्स. कव्हरस्लिपखाली दुधाळ ढग आला तर १००% अल्कोहोलच्या बाटलीत पाणी शिरलंय. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की हमखास होतं. ताजं अल्कोहोल घ्या आणि स्लाइड झायलीनपासून उलटी नेऊन परत आणा.

आता फिक्सेशन. अख्खा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये टाकणं ही मुळातली चूक. फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ लागतो आणि शिरल्यावर प्रोटीन बांधायला आणखी. तोवर मधला भाग स्वतःच्याच एन्झाइमांनी कुजायला लागलेला असतो. बोकडाचा मेंदू शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, त्याला निदान दीड-दोन लिटर फॉर्मॅलिन हवं. ऊतीच्या १० ते २० पट हा हिशोब. चार-सहा तासांत तो जरा घट्ट झाला की धारदार ब्लेडने ५ मिमी जाडीचे तुकडे करा आणि ताज्या फॉर्मॅलिनमध्ये आणखी २४ ते ४८ तास ठेवा.

साधं पाणी मिसळलेलं फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून तपकिरी-काळे कण तयार करतं. दुकानातला मेंदू रक्ताने माखलेलाच असतो, म्हणून हा धोका जास्त. बफर घरचा करता येतो: बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. खिडकीजवळ बसून करा, हातमोजे घाला.

आणि मेंदू फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि कापाची जाळी होते. दुकानातून आणताना डबा बर्फात ठेवलात तर चालतं, गोठता कामा नये.

तिसरा_डोळा

मायक्रोटोम यांच्या प्रतिसादाला +१. आता ओळखण्याबद्दल.

आकारावर जाऊ नका, सगळे तिथेच फसतात. लहान मेंदूतले ते गडद ठिपके ग्लिया नाहीत. ते ग्रॅन्यूल पेशींचे, म्हणजे न्यूरॉनचेच. त्यांचा पेशीदेह जेमतेम ५ ते ८ मायक्रॉनचा, जवळजवळ सगळा केंद्रकानेच भरलेला. सायटोप्लाझम इतकं कमी की निस्सल दाणे (हा रंग पकडणारे जांभळे दाणे) दिसायला जागाच नाही. लिम्फोसाइटसारखे दिसतात. त्या थराकडे ४०च्या ऑब्जेक्टिव्हने परत बघा. ठिपक्यांच्या गर्दीत मधेमधे फिकट गुलाबी-राखाडी मोकळी बेटं दिसतील. ते ग्लोमेरुलस. बाहेरून येणारे मॉसी तंतू तिथे ग्रॅन्यूल पेशींच्या आखूड डेंड्राइटना (संदेश घेणाऱ्या फाट्यांना) भेटतात. ही बेटं सापडली की ग्रॅन्यूल थराबद्दल शंका उरत नाही.

त्याच्या वर एका ओळीत मोठ्या सुरईसारख्या पुरकिंजे पेशी. त्यांच्या बाजूला, त्याच ओळीत लहानशी फिकट केंद्रकं दिसतील, त्यात बर्गमान ग्लियांची बरीच असतात. त्यांचे धागे वरच्या पृष्ठभागापर्यंत उभे जातात, पण निस्सल रंगात (म्हणजे क्रेसिल व्हायोलेटमध्ये) धागे दिसत नाहीत, फक्त केंद्रक दिसतं. अगदी वरच्या विरळ थरातली छोटी केंद्रकंही बहुतेक न्यूरॉनचीच (स्टेलेट आणि बास्केट). म्हणजे लहान मेंदूच्या राखाडी (पेशीदेहांच्या) भागात जे बारीक, त्यातलं बहुतेक न्यूरॉन.

मग ओळखायचं कशावरून? केंद्रक कसं आहे आणि कुठे आहे, यावरून.

मोठ्या न्यूरॉनचं केंद्रक गोल, फिकट, फुग्यासारखं आणि मध्ये एकच ठसठशीत न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका), घुबडाच्या डोळ्यासारखं. सायटोप्लाझममध्ये जांभळे दाणे, तेच निस्सल दाणे, म्हणजे राइबोसोम चिकटलेल्या एंडोप्लाझमिक जाळ्याचे ढीग. हे दाणे इतके का? मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनचा अक्षतंतू खुरापर्यंतच्या स्नायूत जातो आणि त्या सगळ्या लांबीला लागणारी बहुतांश प्रोटीनं पेशीदेहातच बनून पुढे पाठवली जातात. जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. एवढा पुरवठा करायचा तर कारखाना मोठाच लागणार. अक्षतंतू कापला गेला की हे दाणे विखुरतात आणि केंद्रक कडेला सरकतं. क्रोमॅटोलायसिस म्हणतात ते हेच.

आता ग्लियांचे तीन प्रकार. ॲस्ट्रोसाइट: केंद्रक फिकट, किंचित लांबट, १० मायक्रॉनच्या आसपास, कडेला क्रोमॅटिनची बारीक किनार. न्यूक्लिओलस ठळक नाही आणि भोवती रंगलेलं सायटोप्लाझम नाही, त्यामुळे केंद्रक हवेत तरंगतंय असं वाटतं. छोट्या न्यूरॉनशी गोंधळ होतो तो याच्याशीच, तेव्हा न्यूक्लिओलस शोधा.

ऑलिगोडेंड्रोसाइट: गोल, लहान, गडद केंद्रक, वाटाण्यासारखं. पांढऱ्या भागात तंतूंच्या कडेने रांगेत बसलेले असतात. राखाडी भागात मोठ्या न्यूरॉनला अगदी खेटूनही असतात.

मायक्रोग्लिया: सगळ्यात लहान आणि गडद, लांबट, कधी वाकलेलं स्वल्पविरामासारखं केंद्रक. याची गल्लत केशवाहिनीच्या भिंतीतल्या एंडोथेलियल केंद्रकाशी होते, तेही लांबट आणि वाकलेलं असतं. शेजारी नळीची पोकळी किंवा त्यात अडकलेली लाल रक्तपेशी दिसली तर ते एंडोथेलियल, मोजायचं नाही.

पांढरं कडं असलेली केंद्रकं बहुधा ऑलिगोडेंड्रोसाइटची.

मायक्रोटोम

शेवटच्या वाक्याला जरा लगाम. कडं ही त्या पेशीची रचना नाही. फिक्सेशनला उशीर झाला की ऑलिगोडेंड्रोसाइटचं सायटोप्लाझम फुगतं आणि पॅराफिनच्या प्रक्रियेत निघून जातं, म्हणून अंड्याच्या बलकाभोवती पांढरं दिसावं तसं दिसतं. पण मोठ्या न्यूरॉनभोवती आणि केशवाहिन्यांभोवतीही ऊती आकसल्याने मोकळं कडं येतं. म्हणून जर्नलमध्ये "कडं आहे, म्हणून ऑलिगो" असं लिहू नका. "गोल, गडद केंद्रक, फिक्सेशनला उशीर झाल्याने भोवती कडं" असं लिहा. तोंडी परीक्षेत नेमका इथेच खोडा घालतात.

काळे, नागमोडी न्यूरॉनही तसेच. ताजा मेंदू दाबला, ओढला, डोकं फोडताना हिसका बसला की काही न्यूरॉन आक्रसून गडद होतात आणि त्यांचे डेंड्राइट स्क्रूसारखे वळतात. मेलेल्या न्यूरॉनसारखे दिसतात, पण बहुतेक वेळा तो हाताळणीचा दोष असतो. कापाच्या कडेला जास्त आणि आत कमी असतील तर समजा दुकानात दाबला गेलाय. चिमट्याने न धरता खालच्या नसा कात्रीने कापून मेंदू हातमोज्याच्या तळव्यावर घसरू द्या.

दोनपैसे

गुणोत्तराबद्दल.

"ग्लिया दहापट" हे वाक्य पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या उतरत आलं, माणसाच्या अख्ख्या मेंदूला ते लागू नाही. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी वेगळ्याच पद्धतीने मोजलं. फिक्स केलेली ऊती डिटर्जंटमध्ये विरघळवून नुसत्या केंद्रकांचं एकसारखं मिश्रण करायचं, डीएपीआय रंगाने एकूण केंद्रकं मोजायची आणि न्यू-एन (NeuN) या अँटिबॉडीने त्यातली न्यूरॉनची किती ते बघायचं. चार प्रौढ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन (८,६०० कोटी) आणि सुमारे ८५ अब्ज न्यूरॉन नसलेल्या पेशी आली. दुसऱ्या आकड्यात रक्तवाहिन्यांच्या पेशीही धरल्यात, म्हणजे ग्लिया त्याहून कमीच.

भागानुसार बघितलं तर चित्र फार बदलतं, आणि खरी मजा तिथेच आहे. लहान मेंदूत ६९ अब्ज न्यूरॉन आणि त्यांच्या जोडीला फक्त १६ अब्ज इतर पेशी. मोठ्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये, पांढऱ्या भागासकट, १६ अब्ज न्यूरॉनना सुमारे ६१ अब्ज इतर. मेंदूच्या देठासकट उरलेल्या भागात न्यूरॉन एक अब्जाहूनही कमी आणि इतर पेशी साधारण अकरापट. तेव्हा "दहापट" खरं ठरतं ते या शेवटच्या भागापुरतं. हे आकडे माणसाचे आहेत, बोकडाच्या जर्नलमध्ये तुलनेला म्हणूनच लिहा.

तुमच्या स्लाइडवर मोजताना एक मोठी मेख आहे. ६ मायक्रॉनच्या कापात १२ मायक्रॉनचं केंद्रक सलग दोन-तीन कापांत सापडतं, म्हणून मोठी केंद्रकं वाजवीपेक्षा जास्त वेळा मोजली जातात. छोटी त्यामानाने कमी वेळा. याला ॲबरक्रॉम्बीची १९४६ सालची दुरुस्ती वापरतात: खरी संख्या = मोजलेली × कापाची जाडी ÷ (कापाची जाडी + केंद्रकाचा सरासरी व्यास).

समजा ९० न्यूरॉन केंद्रकं मोजली, व्यास १२: ९० × ६ ÷ १८ = ३०. ग्लिया केंद्रकंही ९०, व्यास ६: ९० × ६ ÷ १२ = ४५. स्लाइडवर १:१ दिसत होतं, दुरुस्तीनंतर १:१.५ झालं. ही आकडेमोड जर्नलमध्ये दाखवा, गुण तिथेच आहेत.

दुसरा मार्ग: न्यूक्लिओलस दिसला तरच न्यूरॉन मोजायचा. न्यूक्लिओलस दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणून दुबार मोजणी बरीच कमी होते. मात्र मग सूत्रात केंद्रकाचा नाही, न्यूक्लिओलसचा व्यास टाका. ग्रॅन्यूल पेशींना हे चालणार नाही, त्यांच्यात न्यूक्लिओलस नीट दिसत नाही. म्हणून मोजणी मोठ्या मेंदूत करा.

आयपीसमध्ये चौकटीची जाळी टाका, एकाच थरात दहा ठिकाणं निवडा, आणि ती पेशी बघून निवडू नका, स्टेज ठराविक अंतराने सरकवा. चौकटीच्या वरच्या आणि डाव्या रेषेला स्पर्श करणारी केंद्रकं धरायची, खालच्या आणि उजव्या रेषेची सोडायची.

स्लाइडवाली

सगळ्यांना धन्यवाद. ग्लोमेरुलसची बेटं दिसली! आम्ल घालायचं राहिलंच होतं, तो घोळ कळला.

अक्षतंतूंचा प्रश्न राहिला. मायलिन (अक्षतंतूवरचं आवरण) दाखवायचं असेल तर कोणता रंग वापरू? आणि विभागात जीएफएपी (ॲस्ट्रोसाइटच्या सांगाड्यातलं प्रोटीन) ओळखणारी अँटिबॉडी आहे, तिच्याने सगळ्या ॲस्ट्रोसाइट दिसतील का?

तिसरा_डोळा

निस्सल दाणे अक्षतंतूत नसतात, म्हणून या रंगात तो दिसणारच नाही. मात्र तो निघतो ती जागा सापडते. मज्जारज्जूच्या पुढच्या शिंगातला मोठा मोटर न्यूरॉन घ्या. डेंड्राइटच्या बुडात दाणे शिरलेले दिसतात, पण एका बाजूला दाणेविरहित फिकट त्रिकोण असेल तर ती ॲक्सॉन हिलॉक. ६ मायक्रॉनच्या कापात बऱ्याच पेशींची हिलॉक कापाबाहेर राहते, तेव्हा पंधरा-वीस पेशी तपासा.

जीएफएपीने सगळ्या ॲस्ट्रोसाइट दिसत नाहीत. पांढऱ्या भागातल्या आणि पृष्ठभागालगतच्या छान उठतात, पण निरोगी कॉर्टेक्समधल्या कित्येकींत हे प्रोटीन इतकं कमी असतं की त्या दिसतच नाहीत. शिवाय दिसतो तो पेशीचा सांगाडाच. केसांसारखे बारीक फाटे रिकामे राहतात, आणि ग्लुटामेट आणि पोटॅशियम शोषून घेण्याचं बरंचसं काम नेमके तेच करतात. म्हणून जीएफएपीवरून ॲस्ट्रोसाइट मोजू नका, नुसत्या दाखवा. केशवाहिनीला वेढणारे त्यांचे पाय मात्र यात सुंदर दिसतात, फोटो तिथला काढा. न्यू-एनचीही अशीच खोड आहे: पुरकिंजे पेशी त्याने रंगतच नाहीत. स्लाइड बिघडली असं समजून कुणी ती फेकून देऊ नये.

न्यूरॉन आणि त्याची आधारपेशी एकत्र, वादाला जागा न ठेवता दाखवायची असेल तर मणक्याच्या बाजूची पृष्ठमूळ गुच्छिका घ्या. मानेचा तुकडा आणलाच आहे, मणक्यांमधून नस बाहेर पडते तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा फुगवटा असतो. मोठे गोल न्यूरॉन आणि प्रत्येकाभोवती सॅटेलाइट पेशींच्या केंद्रकांची माळ. क्रेसिल व्हायोलेटमध्येसुद्धा पहिल्या नजरेत कळतं.

मायक्रोटोम

मायलिनसाठी लक्सोल फास्ट ब्लू. ९५% अल्कोहोलच्या १०० मिलीत ०.१ ग्रॅम रंग आणि १०% ॲसेटिक ॲसिड ०.५ मिली. स्लाइड पॅराफिन काढून ९५% अल्कोहोलपर्यंतच आणा, पाण्यात नेऊ नका. ५६ ते ६० अंशांवर रात्रभर, भांडं घट्ट बंद. झाकण सैल राहिलं तर सकाळी अल्कोहोल उडालेलं आणि काप कोरडे.

सकाळी ९५% अल्कोहोल, डिस्टिल्ड पाणी, मग ०.०५% लिथियम कार्बोनेटमध्ये काही सेकंद आणि लगेच ७०% अल्कोहोल. राखाडी भाग रंगहीन आणि पांढरा भाग निळा-हिरवा होईपर्यंत हे आलटून पालटून. लिथियममध्ये पाच-दहा सेकंद जास्त झाले की मायलिनचाही रंग जातो आणि रात्रभराची मेहनत फुकट, म्हणून पहिली स्लाइड बळीची समजा. त्यावर तुमचं क्रेसिल व्हायोलेट चढवलं की जांभळ्या पेशी आणि निळं मायलिन एकाच स्लाइडवर येतं. याला क्लूव्हर-बरेरा म्हणतात, १९५३ सालची पद्धत.

मज्जारज्जूच्या आडव्या कापात यात छोटी निळी कडी दिसतील, मध्ये रिकामा किंवा फिकट ठिपका. कडं म्हणजे मायलिन, ठिपका म्हणजे अक्षतंतू. त्या कड्यांच्या मधे बसलेली गोल गडद केंद्रकं ऑलिगोडेंड्रोसाइटची, पण कोणतं कडं कुणाचं ते सांगता येत नाही, कारण एक ऑलिगोडेंड्रोसाइट कित्येक अक्षतंतूंवर, चाळीस-पन्नास तुकड्यांपर्यंत, मायलिन गुंडाळते. तुलनेला त्याच गुच्छिकेतून निघणारी नस रंगवा. तिथे मायलिन श्वान पेशींचं, आणि प्रत्येक पेशी एकाच अक्षतंतूच्या एकाच तुकड्यावर. त्यामुळे नसेत केंद्रक कड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेलं सापडतं, मज्जारज्जूत नाही. दोन्ही काप एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी चिकटवा, म्हणजे दोघांना लिथियम सारखंच लागेल.